विहिरीला पाणी, बोअरला धुरळा : नदीकाठच्या जमिनीखाली चालतंय काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या शिरढोणच्या पुढं पंचगंगेच्या काठाला अडीच एकर ऊस, नदीपासून तीनशे फुटांवर आजोबांनी खणलेली ४२ फुटी विहीर, ती मे महिन्यातही तळ दाखवत नाही. मग गेल्या वर्षी पाचशे फूट बोअर मारली तर नुसता धुरळा निघाला. त्यात २०२१ च्या पुरापासनं काठ तुटायला लागलाय, उसाच्या तीन सऱ्या नदीत गेल्या आणि समोरच्याची मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, मात्र वाढतीय. विचारणाऱ्या भावांचं म्हणणं, नदी उशाला असून पाचशे फुटांत पाणी नाही, म्हणजे पाण्याची जागा दाखवणारा पाणाड्या चुकला का बोअरवाल्यानं गंडवलं?

बोअरवाल्यानं गंडवलं नसावं. पाणाड्याचं नंतर बोलू.

मी या भागात तीसेक वर्षं विहिरी-बोअरचे पॉइंट देतोय, गगनबावड्यापासनं शिरोळपर्यंत, आणि सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न ऐकलाय. लोकांच्या डोक्यात असं असतं की जमिनीखाली कुठंतरी एक मोठा साठा आहे, जितकं खोल जाल तितकं पाणी. आपल्या खडकात तसं नाही. आपल्याकडं पाणी खालनं वर येत नाही, ते आडवं सरकतं, आणि सरकत सरकत शेवटी नदीला जाऊन मिळतं. तुमची विहीर त्या आडव्या वाटेवर बसलीय. बोअर ती वाट ओलांडून कोरड्या कातळात गेली.

खडक कसा आहे ते आधी बघा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, आपला सगळा दख्खन त्याचाच. भाकरीची चवड डोळ्यापुढं आणा. प्रत्येक भाकरीला वरनं पापुद्रा, आत घट्ट पोट. लाव्ह्याच्या थराचंही तसंच, वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यानं भोकं भोकं, आणि पोटाला काळा पाषाण, त्यात पाणी जाईल तर फक्त भेगेतनं. दोन थरांच्या मधी कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो, म्हणजे एक थर पसरला, त्याच्यावर काळ गेला, माती झाली, मग त्यावर पुढचा तापलेला लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. करूळ घाटातनं किंवा फोंड्याला उतरताना रस्त्याच्या कटिंगला असे पट्टे दिसतात बघा. हा तांबडा थर बहुतेक वेळा चिकट असतो, त्यातनं पाणी जात नाही, उलट बोअर तिथंच ढासळते.

आता पाणी धरून ठेवतं कोण, तर वरचा झिजलेला मुरूम, भोकाभोकाचा पापुद्रा आणि भेगा. हे सगळं वरच्या पन्नास-शंभर फुटांतच जास्त. तीनशेच्या खाली गेलात की भेगा वरच्या खडकाच्या वजनानं दाबलेल्या असतात. एखादी थराची जोड पाणी देऊन जाते, नाही असं नाही, पण तो जुगार आहे आणि फुटाच्या रेटनं खेळलेला जुगार आहे.

आणि तुमच्या बोअरचं एक जास्तीचं. बोअरच्या बिलात केसिंग किती फूट लिहिलंय ते बघा. नदीकाठी माती खोल असते त्यामुळं बोअरवाला पन्नास-साठ फूट तरी केसिंग पाईप घालणारच, नाहीतर भोक ढासळून मशीन अडकतं. त्याचं बरोबर आहे. पण तुमच्या विहिरीला पाणी देणारा थर २५ ते ४० फुटांत आहे! म्हणजे जिथं पाणी होतं तिथंच पाईप लावून बंद केलं आणि खाली कोरड्यात साडेचारशे फूट भोक पाडलं. हसू नका, मी स्वतः केलंय. सुरुवातीच्या वर्षांत करवीर तालुक्यात एकाला पाणी शोधायच्या मशीनचं रीडिंग बघून छाती ठोकून पॉइंट दिला, साडेतीनशे फुटांपर्यंत धूळ, आणि साठ फुटांवरच्या विहिरीत पोरं पोहत होती. त्या माणसानं वर मला जेवू घातलं, ती भाकरी अजून घशात अडकल्यासारखी वाटते.

पाणाड्याचं म्हणाल तर नारळ हातावर उभा राहतो का नाही यात मी पडत नाही. पण जे नावाजलेले असतात ते आधी शेताला एक चक्कर मारतात, ओढा कुठनं येतो, उंबर कुठं आहे, शेजारच्या विहिरी कुठल्या दिशेला आहेत हे बघतात आणि मग नारळ काढतात. निम्मं काम त्या चकरेतच झालेलं असतं.

आता नदीकडं येऊ. पावसाळा संपला, वर घाटात एक थेंब नाही, तरी डिसेंबर-जानेवारीत ओढ्यांना आणि नदीला पाणी असतं ते कुठलं? धरणातनं सोडलेलं आहेच, राधानगरीचं भोगावतीला येतं, ते सोडून द्या. पण धरण नसलेल्या ओढ्यालाही पाणी असतं. ते दोन्ही अंगच्या डोंगराचं, शेताचं, मुरलेलं पाणी हळूहळू पाझरून येतंय. नदी म्हणजे त्या भागातली सगळ्यात खोल आणि सगळ्यात लांब विहीर असं समजा. आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तिच्याकडं उतरतं. उलट कधी होतं, तर नदीची पातळी जमिनीतल्या पाण्यापेक्षा वर गेली की. मग नदी काठात पाणी ढकलते. पूर आला की तुमची विहीर नदीचं पाणी रानात यायच्या आधीच भरते, बरोबर? लोकांना वाटतं खालनं बोगदा आहे. बोगदा नाही, नदी वर चढली की आतल्या पाण्याची बाहेर पडायची वाट तुंबते, मागनं येणारं साठत राहतं आणि दाबानं पातळी वर येते. तो नदीचा थेंब काही तीनशे फूट चालून आलेला नसतो. दाब लवकर पोचतो, पाणी उशिरा.

किती उशिरा याचा हिशोब करता येतो. १८५६ साली दार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं दिजाँ गावच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळूच्या नळकांड्यातनं पाणी सोडून मोजलं आणि सांगितलं की जमिनीतल्या पाण्याचा वेग दोन गोष्टींवर, उतार किती आणि माती-खडकातनं वाट किती मोकळी. आम्ही आजही तोच हिशोब वापरतो. आपल्या मुरमात साधा उतार धरला तर पाणी दिवसाला वीतभर, फार तर एखादा मीटर सरकतं. पुराचं पाणी जेवढं एका सेकंदात जातं तेवढ्याला जमिनीखाली कमीत कमी दोन-तीन दिवस लागतात. म्हणून तर मेमध्ये तुमच्या विहिरीत जे येतं त्यात मागच्या पावसाचंही पाणी असतं.

पण नुसत्या मागच्या पावसावर ती विहीर टिकली नसती, हे नीट ध्यानात घ्या. आपल्या मुरूम-खडकात साठवण धरायची तर साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे एक एकरात पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली तर हाताला येतं किती, तर ऐंशी हजार लिटर. ऐकायला मोठं वाटतं, पण पाच एचपीची मोटर तासाला तीसेक हजार लिटर काढते, म्हणजे तीन तासांत खेळ खलास. आणि पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला साधारण दोन मीटर पाणी धरलं तर एकराला ऐंशी लाख लिटर. कुठं ऐंशी हजार, कुठं ऐंशी लाख. मग बाकीचं कुठनं येतं? थोडं वरच्या अंगच्या शेतांतनं, जिथं उसाला पाट सोडल्यावर निम्मं पाणी मुळांखाली निघून जातं ते तुमच्याकडं येतं. आणि उरलेलं नदीतनं. नदीत मेमध्येही पाणी कशामुळं, तर वरनं धरणाचं सोडलेलं आणि खाली बंधाऱ्यानं अडवलेलं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून सगळ्या राज्यात ज्याची नक्कल झाली तो हाच, पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या फळ्या, घालायचे, पाणी पात्रातच तुंबवायचं, पावसाळ्याच्या तोंडाला बर्गे काढायचे म्हणजे पूर आणि गाळ दोन्ही निघून जातात. पण पात्रात पाणी तुंबलं की काठातलंही पाणी तुंबतं, हा त्याचा न दिसणारा फायदा. एखाद्या वर्षी बर्गे उशिरा पडले किंवा मधीच गळती लागली की काठच्या विहिरींचं पाणी आठ-पंधरा दिवसांत खाली जातं, हे तुम्ही बघितलं असेल.

याचीच दुसरी बाजू सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात तुम्ही विहीर दाबून उपसता तेव्हा विहिरीतली पातळी नदीच्या खाली जाते आणि नदीचं पाणी उलटं तुमच्याकडं ओढलं जातं. आणि उन्हाळ्यात आपली नदी काय रंगाची असते, वर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, किती असतं, ते मी सांगायची गरज नाही. तीनशे फूट मातीतनं येताना गाळ, घाण, बरेचसे जंतू अडतात, पाणी दिसायला नितळ येतं. पण पाण्यात विरघळलेलं मीठ, केमिकल माती अडवत नाही. उसाला द्या, प्यायला त्या विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नका, नितळ दिसतंय म्हणून तर अजिबातच नको.

क्षारपडीचंही इथंच सांगून टाकतो. शिरोळच्या काळ्या रानात पाण्याची पातळी चार-पाच फुटांपर्यंत वर आली की काळी माती दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढते, पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. पांढरी खपली आली की समजायचं खाली पाणी तुंबलंय. तिथं पाणी कमी करण्यापेक्षा ते बाहेर काढायला वाट करावी लागते, जमिनीखाली भोकांचे पाईप टाकून निचरा करायचा. तुमच्याच तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं असं बरंच काम झालंय, जाऊन बघा. तुमचं रान नदीला लागून असल्यानं निचरा आपोआप होतो, त्यामुळं एवढ्यात तुम्हाला त्याची भीती नाही.

आता काठ. हा तुमचा खरा दुखरा विषय आहे.

नदी वळणावर बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठाला गाळ घालते, हे सगळ्यांना माहिती आहे. का खाते हे मात्र चहाच्या कपात दिसतं. टपरीवर न गाळलेला चहा घ्या, चमच्यानं गरागरा फिरवा आणि सोडून द्या, चहाची पत्ती कडेला जायला पाहिजे ना? ती तळाला मधोमध गोळा होते. वरचं पाणी जोरात फिरतं ते बाहेर फेकलं जातं, तळाचं पाणी कपाला घासून मंद झालेलं असतं, ते आत सरकतं आणि पत्ती घेऊन येतं. आइन्स्टाईननं १९२६ साली हेच उदाहरण देऊन नद्यांची वळणं समजावली होती. वळणावर पंचगंगाही तेच करते, वरचं जोराचं पाणी तुमच्या काठावर आपटून खाली बुडी मारतं, पायथा पोखरतं, आणि तळातनं वाळू-गाळ घेऊन आतल्या अंगाला निघून जातं. पण एक गैरसमज काढून टाका, तुमच्या तीन सऱ्या समोरच्याच्या मळीत गेल्या असं नाही. तुमची माती बहुतेक खालच्या अंगाला, पुढच्या वळणाला, तुमच्याच बाजूच्या काठाला जाऊन पडली असणार. समोरच्याला मिळालाय तो वरनं आलेला गाळ. मोजणी आणून भांडण काढायच्या विचारात असाल तर थांबा.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. काठ पुरात पडत नाही, पूर उतरताना पडतो. तुम्ही आठवून बघा, सऱ्या गेल्या त्या पाणी चढताना का ओसरताना? पूर असताना काठ पाण्यानं फुगलेला असतो, जड झालेला असतो, पण बाहेरनं नदीच्या पाण्याचा रेटा असतो, टेकू असतो. मग नदी भराभर उतरते आणि काठातलं पाणी, आत्ताच सांगितलं तसं, दिवसाला वीतभर सरकतं. टेकू गेला, वजन राहिलं, आतलं पाणी बाहेर पडायला काठाला ढकलतंय, आणि पायथा आधीच पोखरलेला. धप्पदिशी पंधरा-वीस फुटांचा तुकडा खाली बसतो. काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडलेल्या असतात, तुकडा नेमका त्या भेगेवर सुटतो.

२०१९ आणि २०२१ ला हे एवढ्या प्रमाणात का झालं, तर पाणी उंच चढलं आणि बरेच दिवस राहिलं. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या घरात. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि शिरोळला पाचशे-सहाशे, म्हणजे तुमच्या अंगणात ऊन असताना तुमच्या रानात पूर येतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येतात तोवर डोंगराचा उतार संपलेला असतो. तिथनं नरसोबावाडीपर्यंत नदी सपाटीत रमतगमत जाते, आणि वाडीला कृष्णाच आधी कोयनेचं, वारणेचं पाणी घेऊन फुगलेली असली तर पंचगंगेला बाहेर पडायला जागाच राहत नाही. मागं फुगवटा येतो. दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणून अंघोळीला जातो, पण माझ्यासारख्याला त्यात हेही दिसतं की मागच्या सगळ्या मळ्यांत आता पाणी तुंबायला लागलं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद मी इथं उकरत नाही, तो वेगळा आणि लांबचा विषय आहे. पण घरातलं आपलंच बघा, शिरोलीजवळ हायवेचा भराव पूरपट्ट्याला आडवा आहे, ओढे बुजवून प्लॉट पडलेत, वीटभट्टीला मळीची माती खरवडून नेलीय. जुनी माणसं शहाणी होती, कोल्हापुरातली ब्रह्मपुरीची टेकडी बघा, सातवाहनांच्या काळापासनं वस्ती नदीला लागून पण उंचावर. रोमशी व्यापार असलेल्या लोकांनी घर कुठं बांधायचं ते ओळखलं होतं.

एक दिलासा. आपल्या नद्या बिहारच्या कोसीसारख्या मैलोन् मैल सरकत नाहीत. पंचगंगा आपल्याच जुन्या गाळात खोल उतरलेली आहे, बऱ्याच ठिकाणी तळाला कातळ लागतो, काठ तीस-चाळीस फूट उंच आहेत. म्हणजे ती तुमचं अडीच एकर गिळणार नाही. ती काठ मागं हटवून त्याला उतार देतीय, तो उतार मिळाला की तुकडे पडणं कमी होतं. तुम्ही जर दर वर्षी अगदी कडेपर्यंत नांगरत राहिलात आणि काठ उभाच ठेवलात तर मात्र दर पुराला एक-दोन सऱ्या द्याव्या लागतील.

म्हणून माझं सांगणं, कडेची पंधरा-वीस फूट जागा उसातनं काढा. जड वाटेल, पण ती तशीही जाणारच आहे. तिथं बांबू, करंज, खाली वाळा लावा, उसाची मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, ती काठ धरत नाहीत. शेवटच्या सरीचं पाणी काठावरनं खाली सोडताय का ते बघा, बहुतेक सोडत असाल, त्याची घळ पडते आणि तिथंच पुढचा तुकडा सुटतो. पाणी पाईपनं तळापर्यंत न्या. ठिबक केलंत तर अर्धा प्रश्न तिथंच मिटतो, कारण काठात पाणीच कमी जाईल. दगड टाकायचे असले तर वर रचू नका, पायथ्याला टाका, वरच्या दगडानं काठाचं वजनच वाढतं. आणि तुमच्या वळणावर कुणी वाळू उपसत असेल तर बाकी काहीही केलंत तरी उपयोग नाही, पायथाच काढून घेतल्यावर वरची झाडं काय करणार.

विहिरीचं, ती ४२ फुटांची आहे तेवढीच राहू दे, आणखी खोल नेऊ नका, कातळ लागेल आणि सुरुंगानं कडेचं बांधकाम हलेल. गाळ काढा, पाच-सहा वर्षांत काढला नसेल तर दोन-तीन फूट निघेल आणि झरे मोकळे होतील. तरी कमी पडलं तर नदीच्या अंगाला तळात आडवं बोअर घेता येतं, वीस-तीस फूट पुरतं, पण केंदाळाचं मघाशी सांगितलं ते लक्षात ठेवून. कोरड्या बोअरला झाकण मात्र आजच्या आज लावा, वेल्डिंग करून, नुसता दगड ठेवून नको, लहान पोरं असतात. शेतातलं पाणी गाळून तिच्यात सोडायचा सल्ला कुणीतरी देईल, तोही घेऊ नका, केसिंगच्या खाली कातळ आहे, ते पाणी घेणारच नाही आणि खताचं पाणी त्यात कुजत बसेल.

आणि एक काम करा. विहिरीच्या आतल्या भिंतीला ऑइल पेंटनं फुटाचे आकडे मारा, दर अमावस्या-पौर्णिमेला मोटर चालू करायच्या आधी पातळी वहीत लिहा, शेजारी त्याच दिवशी नदी घाटाच्या कितव्या पायरीला आहे ते लिहा. बर्गे कधी पडले, कधी निघाले तेही. वर्षभराची वही झाली की मला दाखवा, मग नदी तुम्हाला किती देतीय आणि वरचा शेजारी किती देतोय ते आकड्यात सांगतो. बोअरचं बिल सापडलं तर केसिंगचा फूट तेवढा आधी कळवा.